पिशवीचें पंचत्व

तीन वर्षांपूर्वींच्या वैशाखांत मेहकरास आमच्या घरीं नातवाची मुंज झाली. मुंज म्हटली कीं एकत्र कुटुंबांत चार मतें निघावयाचींच. परंतु त्या खेपेस वाद माजला तो मुहूर्तावरून किंवा आचाऱ्यावरून नव्हे, तर पिशव्यांवरून. पुण्याहून आलेल्या माझ्या धाकट्या चिरंजीवानें हिरव्या पानाचें चित्र छापलेल्या मऊ पिशव्यांचे दोन गठ्ठे बरोबर आणले होते. "आप्पा, हें नेहमींचें प्लास्टिक नव्हे. मक्यापासून केलेलें आहे. मातींत पडलें कीं माती होतें," असें त्यानें मला समजावून सांगितलें. पिशवीवर तशा अर्थाचे शब्द इंग्रजींत छापलेलेही होते. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि पुढचा जन्म मुलांकडून शब्दरूपें व धातुरूपें घोकून घेण्यांत गेलेला; रसायनाच्या बाबतींत तरुणांच्या शब्दावर विश्वास टाकावा हेंच मला शहाणपणाचें वाटलें. मींच स्वयंपाकघराच्या दाराशीं उभें राहून सांगितलें कीं, खरकटें, भाज्यांचे देठ, केळ्यांच्या साली, काय असेल तें या पिशव्यांत बांधून मागल्या उकिरड्यावर टाकावें, कांहीं हरकत नाहीं. आमच्या सौ.नें एवढेंच म्हटलें, "पळसाच्या पत्रावळीवर असें कांहीं छापावें लागत नाहीं." मंडळी हंसली आणि विषय तेथेंच राहिला.

श्रावणांत शेजाऱ्यांच्या गाईनें रवंथ करणें सोडलें. पोट फुगलें, वैरणीकडे ती पाहीना. पशुवैद्यांनीं कूस उघडून घमेलेंभर गोळा बाहेर काढला. गल्लींतील कैक वर्षांच्या साध्या पिशव्या, दुधाच्या पिशव्या, सुतळी, असें सगळें त्यांत वळलेलें होतें. आणि त्यांतच हिरव्या पानाची एक पिशवी होती. तिची गांठ सुटलेली नव्हती. गाय चौथ्या दिवशीं गेली. ती त्या एका पिशवीनें गेली असें कोणीही म्हणणार नाहीं, आणि शेजाऱ्यांनीं तर आम्हांला एक शब्दही लावला नाहीं. तेंच मला अधिक लागलें. "मातींत पडलें कीं माती होतें" या वाक्याचा अर्थ नीट लावून पाहिल्याखेरीज स्वस्थ बसावयाचें नाहीं, असें मीं त्या दिवशीं ठरविलें. पुढें जें लिहिलें आहे तें त्यानंतरच्या वाचनाचें व खटाटोपाचें फळ आहे.

प्रथम खटाटोप सांगतों. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं परसांत, पेरूच्या झाडापलीकडे, हातभर खोल खड्डा घेऊन मीं चार वस्तु शेजारीं शेजारीं पुरल्या: पळसाची एक पत्रावळ, माझ्या जुन्या धोतराचा तुकडा, पानाच्या चित्राची एक पिशवी आणि वाण्याकडील एक साधी पिशवी. खुणेला चार दगड ठेविले. दिवाळींत उकरून पाहिलें तों पत्रावळ नव्हतीच. ती टांचलेल्या काड्या तेवढ्या हातीं आल्या. धोतराचें जाळें झालें होतें, आणि पुढच्या पोळ्याला तेंही नाहींसें झालें. पानाची पिशवी मात्र वर्षानंतर अखंड निघाली, फक्त मळकट झालेली. दोन वर्षांनंतर तिला हात लावतांच तिच्या चिंध्या झाल्या, पण त्या चिंध्यांवरचें पान अजून हिरवेंच होतें. साधी पिशवी धुऊन वाळविली असती तर तींतून पुन्हां साखर आणतां आली असती.

हा घरगुती खेळ झाला. परंतु इंग्लंडांतील प्लिमथ विद्यापीठाच्या दोघां संशोधकांनीं हाच प्रयोग मोठ्या शिस्तीनें केला असून तो २०१९ सालीं प्रसिद्ध झाला, हें मला मागाहून कळलें. त्यांनीं निरनिराळ्या जातींच्या पिशव्या मातींत पुरल्या, समुद्रांत सोडल्या आणि उघड्या हवेंत टांगल्या. 'जैवविघटनशील' म्हणून विकलेली एक पिशवी तीन वर्षें मातींत व समुद्रांत राहूनही बाजारांतलें सामान तोलण्याइतकी धड होती. 'कंपोस्टयोग्य' म्हणून विकलेली दुसरी पिशवी समुद्रांत तीन महिन्यांच्या आंत दिसेनाशी झाली. परंतु तीच मातींत सव्वादोन वर्षांनंतरही शिल्लक होती, फक्त वजन पेलण्याचें बळ तिच्यांत उरलें नव्हतें. पिशवी एकच, आणि तिचें आयुष्य मात्र एके ठिकाणीं तीन महिन्यांचें व दुसरे ठिकाणीं दोन वर्षांहून अधिक! तेव्हां 'विघटनशील' हा गुण केवळ वस्तूचा नव्हे. तो वस्तु आणि स्थळ या दोहोंच्या संयोगाचा आहे. छापणारानें पिशवीवर वस्तूचा गुण छापला आणि स्थळ गाळलें, तेथें सारा घोटाळा झाला.

आतां हें असें कां व्हावें? मला जें समजलें तें माझ्याच भाषेंत सांगतों. प्लास्टिक म्हणजे अतिदीर्घ समास समजावा. बाणभट्टाचे समास ज्यांनीं सोडविले आहेत त्यांना कल्पना येईल. लहान लहान रेणु शेंकडोंनीं, हजारोंनीं एकमेकांस जोडून ही सांखळी झालेली असते. मातींतील सूक्ष्म जंतूंना तोंड नसतें, आणि एवढी लांब सांखळी त्यांच्या कातडींतून आंत शिरत नाहीं. म्हणून ते आपले पाचक रस बाहेरच सोडतात. त्यांना आजचे शास्त्रज्ञ विकर म्हणतात. हे रस समासाचा विग्रह करतात, म्हणजे सांधे हेरून नेमके तेथें कापतात. आणि सुटीं झालेलीं पदें जंतु आंत घेऊन पचवितात. शेवटीं उरतात तो कर्बवायु, पाणी आणि जंतूंचे स्वतःचे देह. जेथें हवा पोंचत नाहीं तेथें मिथेन वायूही निघतो. खरें पंचत्व हेंच. पत्रावळींतील सेल्युलोजचे सांधे सृष्टीनेंच घडविले, त्यामुळें ते कापणारे रसही सृष्टींत मुबलक आहेत. साध्या पिशवीच्या पॉलिथीनमध्यें कर्बाला कर्ब असा एकसारखा जोडलेला असतो, त्यांत धरण्याजोगा सांधाच नाहीं. उन्हानें व हवेनें तें तडकतें, चुरतें, त्याची धूळ होते. पण कागद फाडल्यानें समासाचा विग्रह होत नाहीं.

नव्या पिशव्यांत रसायनकारांनीं मुद्दाम सांधे ठेविले आहेत. एस्टर नांवाचा हा सांधा तुपा-तेलांत असतो त्याच जातीचा. या वर्गांतील फार प्रसिद्ध पदार्थ म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिड: दह्याला आंबटपणा देणारें जें आम्ल, तेंच मक्याच्या किंवा उंसाच्या साखरेपासून आंबवून काढतात आणि त्याची सांखळी करतात. ऐकावयास किती गोड! पण या सांखळीचा स्वभाव असा कीं सुमारें ५५ ते ६० अंश सेंटिग्रेडच्या खालीं ती ताठ राहते, आणि ताठ असेपर्यंत पाण्याचा तिच्यांत फारसा शिरकाव होत नाहीं. आधीं पाण्यानें सांखळीचे मोठे तुकडे करावयाचे आणि मग जंतूंनीं ते खावयाचे, असा क्रम असल्यामुळें पहिलें काम रखडलें कीं दुसरें होतच नाहीं. म्हणून या वस्तूंची परीक्षा प्रयोगशाळेंत ५८ अंशांच्या आसपास, ओल्या कंपोस्टांत घेतात. तेथें सहा महिन्यांत तिच्यांतील नव्वद टक्के कर्बाचा वायु झाला कीं युरोपांतील नियमाप्रमाणें ती उत्तीर्ण. परीक्षा खरी आहे, गुणही खरे आहेत. परंतु ज्या वर्गांत ती बसली तो वर्ग आमच्या परसांत नाहीं.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याची हवाच पाहा. वैशाखांत काळी जमीन अशी तापते कीं अनवाणी पाऊल ठेववत नाहीं, पण तेव्हां तिच्यांत ओल नसते आणि हातहातभर भेगा पडलेल्या असतात. मृगानंतर ओल येते तेव्हां ऊन गेलेलें असतें. ऊब आणि ओल या दोघींची गांठ आमच्या शेतांत पडतच नाहीं म्हटलें तरी चालेल. गाईच्या पोटांत दोन्ही असतात हें खरें, पण तेथील ऊब सुमारें ३९ अंशांची, आणि गांठ मारलेली पिशवी विरघळेपर्यंत वाट पाहण्यास गाईला सवड नसते.

मग ५८ अंश मिळतात कोठें? तर चांगल्या रचलेल्या खताच्या ढिगांत. मार्गशीर्षांतील पहांटे मोठा ढीग उपसतांना त्यांतून वाफा निघतात, त्या आपण सर्वांनीं पाहिल्या आहेत. ती ऊब जंतूंच्या भोजनाचीच. या विद्येचा आपल्या बाजूशीं जुना संबंध आहे. अल्बर्ट हॉवर्ड यांनीं इंदूर येथें कंपोस्टाची जी पद्धत बसविली, तिच्यावरील १९३१ सालच्या ग्रंथाला त्यांच्याबरोबर यशवंत वाड यांचें नांव आहे. ढीग किती उंच असावा, तो कितीदां फिरवावा, हवा आणि ओल कशी राखावी, याचा सारा विचार त्यांत आहे.

हेंही करून पाहावें म्हणून एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या ढिगांत, शेण व सोयाबीनचें कुटार यांच्या थरांमध्यें, मीं पानाच्या चार पिशव्या जाळीच्या थैलींत घालून पुरल्या. घरांतला तापाचा काचनळीचा थर्मामीटर तेथें फुटला असता, म्हणून जुन्या शाळेंतील प्रयोगशाळेचा मागून आणला. पारा ६० वर गेला. ढीग दोनदां फिरविला गेला. तीन महिन्यांनीं थैली उघडली तेव्हां नखाएवढे दोन तुकडे तेवढे सांपडले. चिरंजीवानें सांगितलेलें खोटें नव्हतें, असें त्याला पत्रानें कळवून मीं त्याचें समाधान केलें. "मातींत" या एका पदाबद्दल मात्र अर्धा गुण कापला.

मक्याविषयींही थोडें सांगावयास हवें. ज्या मऊ पिशव्या कंपोस्टयोग्य म्हणून विकल्या जातात, त्यांत बहुधा पीबीएटी नांवाचें द्रव्य मोठ्या प्रमाणांत असतें. तें बहुतेक खनिज तेलापासूनच करतात. त्यांत मक्याचें सत्त्व किंवा वरील दह्याच्या आम्लाची सांखळी मिसळलेली असते. तरीही तें जंतूंना पचतें, कारण त्यांत सांधे आहेत. उलट उंसाच्या मद्यार्कापासून केलेलें पॉलिथीनही आतां निघतें, आणि तें तेलाच्या पॉलिथीनइतकेंच अमर आहे. तेव्हां कुळावरून मरण ठरत नाहीं. 'वनस्पतिजन्य' हा शब्द वाचून आपल्या घरांतील सात्त्विक मंडळी फसतात, म्हणून हें मुद्दाम लिहिलें.

याहून वाईट प्रकार म्हणजे साध्याच पॉलिथीनमध्यें लोखंड, मँगनीज किंवा कोबाल्ट यांचे क्षार घालून तें लवकर चुरेल असें करणें. पिशवी दिसेनाशी होते आणि घेणाराला आनंद होतो. पण झालेली असते ती केवळ भुकटी, जी वेंचतां येत नाहीं. युरोपीय संघानें २०१९ च्या कायद्यानें हा माल जुलै २०२१ पासून बाजारांतून बंद केला.

आतांपर्यंत वाचून कोणी म्हणेल कीं, मग साध्या मातींत, साध्या उबेंत, पत्रावळीसारखें जाणारें प्लास्टिक जगांत नाहींच काय? आहे; आणि त्याचा एक धागा आमच्या घरापासून दोन-तीन तासांत जाऊन येतां येईल इतक्या जवळ निघाला, याचें मला फार नवल वाटलें.

लोणारचें सरोवर वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. लवणासुराच्या वधाची कथा, दैत्यसूदनाचें देऊळ, धारेचें अखंड पाणी आणि कांठावरची कमळजादेवी यांच्यामुळें आमच्या आजोबा-पणजोबांना तें तीर्थ म्हणून ठाऊक होतें. काळ्या बसाल्ट दगडांत अशनि आदळून झालेलें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें विवर म्हणून तें आज जगाला ठाऊक आहे. पाणी खारट आणि सोड्यानें इतकें तीव्र कीं सामान्य मासा त्यांत जगत नाहीं. अकबराच्या काळच्या आईन-इ-अकबरींतही येथें कांच व साबण करण्याची सामग्री मिळते अशी नोंद आहे. २०२० च्या जूनमध्यें हें पाणी एकाएकीं गुलाबी झालें, तेव्हां लोकांची रीघ लागली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तपासून तो रंग क्षारप्रिय सूक्ष्म जीवांचा असल्याचें सांगितलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत सरोवराला रामसर स्थळाचा मान मिळाला.

रंगाची ही बातमी घरोघरीं पोंचली. त्याच संस्थेचें त्यापूर्वींचें एक काम मात्र कोणाच्या कानावर गेलें नाहीं. लोणारच्या पाण्यांतून तिच्या संशोधकांनीं हॅलोमोनास कँपिसॅलिस नांवाचा एक जंतु वेगळा काढला होता, आणि तो आपल्या शरीरांत चक्क प्लास्टिक सांठवितो, हें त्यांनीं २०१० व २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखविलें. तें प्लास्टिक कसें विघटित होतें याचीही परीक्षा त्यांनीं केली. ही संस्था म्हणजे १९४६ सालीं स्थापन झालेली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी, वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचें नांव तिला मागाहून मिळालें.

जंतूनें प्लास्टिक कशासाठीं सांठवावें? वऱ्हाडांत पूर्वीं सुगीची ज्वारी जमिनींतल्या पेवांत भरून ठेवीत, तसाच हा प्रकार. ज्या वेळीं साखरेसारखें अन्न भरपूर आणि नत्र वगैरे इतर द्रव्यांचा तुटवडा, त्या वेळीं वाढतां तर येत नाहीं, म्हणून जंतु त्या अन्नाचे रेणु सांखळींत ओंवून कण करून पोटांत ठेवितो, आणि दुष्काळ पडला कीं सांखळी सोडून खातो. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील मॉरिस लेमोआन्य यांनीं दुसऱ्या एका जंतूंत हें द्रव्य १९२६ च्या सुमारास ओळखिलें. पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट असें त्याचें लांबलचक नांव. लोणारच्या जंतूचें प्लास्टिक या द्रव्याचा आणि त्याच्याच एका भावंडाचा जोड आहे. असे कण सांठविणारे जंतु माती, तळीं व समुद्र यांत सर्वत्र असल्यामुळें तें पेव फोडून खाणारेही सर्वत्र आहेत. मालक मेला कीं शेजारी पेव उपसतात. म्हणून या द्रव्याला ५८ अंशांची गरज पडत नाहीं. साध्या मातींत, पाण्यांत, जंतु असतील तेथें तें खाल्लें जातें. पातळ असलें तर लवकर, जाड असलें तर सावकाश, आणि थंडींत अधिक सावकाश, एवढाच फरक.

आतां याच्याच पिशव्या कां मिळत नाहींत, असा प्रश्न आमच्या सूनबाईंनीं लगेच केला. उत्तर पैशांचें आहे. जंतूंना साखर चारून, वाढवून, त्यांच्या पोटांतून कण काढून शुद्ध करणें हें तेलाच्या कारखान्यांतून पॉलिथीनचा प्रवाह सोडण्यापेक्षां कितीतरी महाग पडतें. जर्मनींत १९९० सालीं केस धुण्याच्या द्रव्याच्या बाटल्या या जातीच्या प्लास्टिकच्या निघाल्या होत्या. पण किंमतीपुढें त्यांचा टिकाव लागला नाहीं. कारखाने आतां पुन्हां निघत आहेत. लोणारच्या जंतूचा एक फायदा मला असा दिसतो कीं, इतक्या खाऱ्या व सोडायुक्त पाण्यांत इतर जंतूंची भेसळ होण्याची भीति कमी. परंतु प्रयोगशाळेंतील काचपात्र आणि बाजारांतली पिशवी यांच्यामध्यें फार मोठें अंतर असतें, हें मी जाणतों.

तोंपर्यंत घरांत काय करावयाचें हें ज्याचें त्यानें आपल्या सोयीनें ठरवावें. महाराष्ट्र सरकारची प्लास्टिकबंदी २३ जून २०१८ पासून अंमलांत आली, आणि एकदांच वापरून टाकावयाच्या कैक वस्तु १ जुलै २०२२ पासून देशभर बंद झाल्या. कंपोस्टयोग्य पिशव्या करणारास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचें प्रमाणपत्र घ्यावें लागतें. तेव्हां नुसतें हिरवें पान पाहून भुलूं नये, प्रमाणपत्राचा क्रमांक शोधावा. पण तो असला तरी प्रश्न उरतोच कीं ती पिशवी जाणार कोठें. घंटागाडींत ओलें-सुकें एकत्र गेलें आणि गांवाबाहेरच्या डोंगरांत दबलें, तर तेथें हवा नाहीं, फिरवणें नाहीं. मक्याची पिशवी काय आणि तेलाची काय! शेतकऱ्यांना मात्र एक खरी आशा दिसते. मिरची-टरबुजाच्या वाफ्यांवर जो मल्चिंग पेपर अंथरतात, त्याच्या चिंध्या काळ्या मातींत वर्षानुवर्षें राहतात. त्याऐवजीं मातींतच, साधारण २० ते २८ अंशांच्या उबेंत, दोन वर्षांच्या आंत नव्वद टक्के विघटन झालें पाहिजे, असा वेगळा नियम युरोपांत २०१८ सालीं केला गेला. ज्या जागीं वस्तु पडावयाची त्याच जागीं तिची परीक्षा! असें लेबल पाहिलें कीं मीही विश्वास ठेवीन.

या वैशाखांत धाकट्या नातवाची मुंज झाली. सौ.च्या आग्रहानें पत्रावळीच आणावयाच्या ठरल्या, आणि मी मोठ्या ऐटीनें बाजारांतून दोनशें घेऊन आलों. तिनें एक उलटी करून नखानें खरवडली. पानांच्या खालीं कागद होता, आणि कागदाला आरशासारखा चकाकणारा एक पातळ पापुद्रा चिकटविलेला होता. दोनशेंच्या दोनशें परत गेल्या. पळसाचीं पानें शेवटीं लोणारच्या बाजूच्या एका बाईकडून मिळालीं, आणि तीन दुपारी घरांतल्या सगळ्या बायका व दोन जांवई ओसरीवर टांचीत बसले होते. भिक्षावळीचे लाडू कापडाच्या थैल्यांतून वाटले. पेरूपलीकडचे दोन दगड अजून तसेच आहेत. येत्या पोळ्याला तिसऱ्यांदा उकरावयाचें आहे.